वाचकांचे प्रश्न : ग्रह रांगेत आले की पृथ्वीचं चुंबक बिघडतं का?

यावेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी एकाच विषयावर आहेत. ग्रहांची परेड, म्हणजे पाच-सहा-सात ग्रह एकदम संध्याकाळच्या आकाशात दिसणं, आणि त्यामुळे म्हणे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. म्हटलं चला, हा सगळा कॉलम त्यालाच देऊन टाकू. वॉटर प्युरिफायर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी राग मानू नये, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय की ग्रह एका रेषेत येणार, त्या रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीचं चुंबकीय कवच कमजोर होणार, कॉस्मिक किरणं आत शिरणार, फोन बंद करून लांब ठेवा. सासूबाईंनी तर राउटरची पिनसुद्धा काढली. यात काही तथ्य आहे का? (नाशिक)

राउटरची पिन काढल्यामुळे घरात एक रात्र सगळे वेळेवर झोपले असतील तर तेवढाच फायदा. बाकी काही नाही. हा मेसेज फार जुना आहे हो, वेळसुद्धा तीच, साडेबारा ते साडेतीन, कधी मंगळाच्या नावाने फिरतो कधी परेडच्या, खाली कुठल्यातरी परदेशी चॅनलचं नाव चिकटवलेलं असतं. आणि साडेबारा म्हणजे कुठले साडेबारा? नाशिकला रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा लंडनमधे संध्याकाळचे सात-आठ वाजलेले असतात, मग किरणं लंडनला चहाच्या वेळेला जाणार का, हे मेसेजवाले कधीच सांगत नाहीत.

आता "एका रेषेत" या शब्दाबद्दल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आपल्याला ते आकाशात नेहमी एकाच रस्त्यावर दिसतात, तो रस्ता म्हणजे क्रांतिवृत्त. मुंबई-पुणे हायवेवर सगळ्या गाड्या हायवेवरच दिसणार, त्यात नवल काय. 28 फेब्रुवारी 2025 ची परेड आठवा. सात ग्रह होते म्हणे एका रेषेत, पण शनी आणि बुध पार पश्चिम क्षितिजाला टेकलेले आणि मंगळ डोक्यावरून पूर्वेकडे झुकलेला, म्हणजे अर्ध्याहून जास्त आकाशभर पसरलेले, त्यात युरेनसला दुर्बीण पाहिजे, नेपच्यूनला तर टेलिस्कोप. सूर्यमालेच्या वरून कुणी बघितलं असतं तर त्याला रांगबिंग काही दिसली नसती.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुचं चुंबकत्व पृथ्वीच्या वीस हजार पट आहे असं आम्हाला शिकवलंय. मग तो जवळ आल्यावर काहीतरी फरक पडायलाच हवा ना? (कोल्हापूर)

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर तुम्हीच काढू शकता, कागद घ्या.

वीस हजार पट हा आकडा गुरुच्या चुंबकाच्या एकूण ताकदीचा. पण तो बसलाय कुठे? जवळात जवळ आला तरी आपल्यापासून साधारण 60 कोटी किलोमीटरवर. त्याची स्वतःची त्रिज्या 71 हजार 500 च्या आसपास, म्हणजे आपण त्याच्यापासून जवळपास 8 हजार 400 त्रिज्या लांब. चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, वर्गाने नाही, इथेच बहुतेक लोक चुकतात. 8 हजार 400 चा घन केलात तर येतात 59 हजार कोटी. गुरुच्या ढगांवर विषुववृत्तापाशी क्षेत्र असतं 4 लाख नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) वर, त्याला या आकड्याने भागा. उरतो एका नॅनोटेस्लाचा साधारण पंधरा लाखावा भाग. आणि आपल्या महाराष्ट्रात जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र किती, तर 40 हजार नॅनोटेस्लाच्या वर. हेसुद्धा अगदी उदार मनाने केलेलं गणित आहे, कारण प्रत्यक्षात सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा झोत, गुरुचं क्षेत्र त्याच्याभोवतीच दाबून ठेवतो, ते इथवर येतच नाही.

बाकीच्या ग्रहांचं तर बोलायलाच नको. शुक्र सगळ्यात जवळ येतो पण त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्रच नाही. मंगळाचं कधीकाळी होतं, आता नुसते कातळातले अवशेष उरलेत. म्हणजे परेडमधले आपले दोन सख्खे शेजारी चुंबक म्हणून शून्य.

मग काही जण म्हणतात चुंबक जाऊ द्या, गुरुत्वाकर्षण तरी? भरती-ओहोटीवाली ओढ पण घनानेच कमी होते. शुक्र जवळात जवळ असताना त्याची ओढ चंद्राच्या साधारण 19 हजाराव्या भागाएवढी भरते, गुरुची तर साधारण दीड लाखाव्या भागाएवढी. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य मिळून गिरगाव चौपाटीवर जे करतात ते आपण बघतोच, त्याचा 19 हजारावा भाग म्हणजे किती ते तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र गुरुकडून खरोखर इथवर येते, ती सांगतो कारण मला ती फार आवडते. इलेक्ट्रॉन्स. गुरुच्या चुंबकीय कवचातून निसटलेले वेगवान इलेक्ट्रॉन्स सौरवाऱ्याच्या चुंबकीय रेषांवरून घसरत पृथ्वीपर्यंत पोचतात, उपग्रहांनी ते 1970 च्या दशकातच पकडले, आणि त्यांचं प्रमाण साधारण दर 13 महिन्यांनी वाढतं. पण ते मोजायला अवकाशात उपकरण न्यावं लागतं. इथे जमिनीवरची होकायंत्राची सुई त्यांना भीक घालत नाही.

प्रश्न : अलिबागला किल्ला बघायला गेलो होतो तेव्हा जवळच चुंबकीय वेधशाळेची पाटी दिसली. तिथे नक्की काय मोजतात? आणि इतकी वर्षं मोजतायत तर ग्रहांचा परिणाम असेल तर त्यांना दिसला असेलच ना? (ठाणे)

वा. हाच प्रश्न पहिला घ्यायला हवा होता.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. तिथे 1840 च्या दशकात चुंबकाच्या नोंदी सुरू झाल्या आणि 1846 पासून त्या सलग आहेत. आधी माणूस डोळा लावून सुई वाचायचा आणि हाताने आकडा वहीत लिहायचा, रात्री-अपरात्रीसुद्धा. मग विसावं शतक उजाडता उजाडता मुंबईत विजेवर ट्राम चालवायच्या असं ठरलं, आणि ट्रामचा करंट रुळातून जमिनीत झिरपणार, सुया नाचणार, सगळ्या नोंदींचा चिवडा होणार हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. तेव्हा संचालक होते नानाभाई मूस, 1896 मधे त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा बघितली, लोखंड न वापरता इमारत उभी केली, आणि नुसतं बिऱ्हाड हलवलं नाही तर 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुनी वही आणि नवी वही जुळवता यावी. विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे 1907 मधे. तोवर मूस साहेबांचं सगळं काम उरकलेलं होतं. सरकारी कामात अशी दूरदृष्टी वाचली की मला अजूनही गहिवरून येतं, असो.

तर सांगायचं काय, ही जगातल्या सगळ्यात लांबलचक सलग नोंदींपैकी एक आहे आणि ती आपल्या दारात आहे. आज ती नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते. त्या नोंदीत काय दिसतं?

सूर्य दिसतो, रोज. सकाळी ऊन वर आलं की जमिनीपासून शंभर-एकशेदहा किलोमीटरवरच्या हवेत वीज वाहायला लागते, तिचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं, आणि अलिबागची रेघ दुपारपर्यंत दोन आकडी नॅनोटेस्लाने चढते आणि संध्याकाळी उतरते. चुंबकीय वादळाचा, म्हणजे सूर्यावरच्या भडक्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र डळमळण्याचा, मागमूस नसलेल्या दिवशीही. रेघ बघून साधारण किती वाजले ते सांगता येईल इतकं ते नेमाचं आहे.

चंद्रही दिसतो. समुद्रासारखीच वरच्या हवेलाही भरती येते आणि तिचा ठसा एखाद-दोन नॅनोटेस्लाचा असतो, तो एका दिवसाच्या रेघेत डोळ्यांना दिसत नाही, वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र करून गाळून काढावा लागतो. पण निघतो. एवढी बारीक चाळणी आहे ही.

ग्रह त्या चाळणीत सापडलेले नाहीत. रस्त्यावरची ट्राम सुई हलवते, गुरु हलवत नाही, इतकं साधं आहे.

आणि या वहीतलं सगळ्यात प्रसिद्ध पान 2 सप्टेंबर 1859 चं. आदल्या दिवशी इंग्लंडमधे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांची चित्रं काढत बसले होते, त्यांना तिथे अचानक पांढरा लख्ख उजेड दिसला. साडेसतरा तासांच्या आसपास गेले आणि इकडे मुंबईत कुलाब्याच्या सुया कोसळल्या. आडव्या क्षेत्राची घसरण 1,600 नॅनोटेस्ला. आजवरच्या सगळ्यात मोठ्या चुंबकीय वादळाचं जमिनीवरून मोजलेलं माप म्हणून जगभर कुलाब्याचा हा आकडा सांगितला जातो. तो करंट, तो भडका, सगळं सूर्याचं.

प्रश्न : माझं वय 74. लहानपणी अष्टग्रहीची केवढी धास्ती होती, यज्ञ झाले होते, जग बुडणार म्हणत होते. तेव्हा चुंबकीय काही झालं होतं का हो? (डोंबिवली)

आजी, तुम्ही म्हणताय ती अष्टग्रही फेब्रुवारी 1962 ची, 3 ते 5 तारखेची. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरु, शनी आणि आठवा केतू, सगळे मकरेत. त्यात 5 तारखेला अमावास्या आणि वर खग्रास सूर्यग्रहण, ते आपल्याकडून दिसणारं नव्हतं तरी भीतीला पुरेसं होतं. यज्ञांमधे किती तूप जळलं असेल देव जाणे.

जग बुडालं नाही हे तुम्ही मला पत्र पाठवलंत त्यावरून कळतंच. चुंबकाचं म्हणाल तर त्या सौरचक्राचं, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-कमी होण्याच्या साधारण 11 वर्षांच्या फेऱ्याचं, शिखर 1957-58 ला होऊन गेलं होतं, आणि त्यातली मोठमोठी चुंबकीय वादळं 1957 ते 1960 मधेच आली. तेव्हा मकरेत अशी काही गर्दी नव्हती. अष्टग्रही जमली तोवर सूर्य थंडावत चालला होता. म्हणजे ग्रहांनी हजेरी लावली खरी, पण मांडव उठल्यावर.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. 1974 मधे शास्त्र शिकलेल्या दोन लेखकांनी इंग्रजीत पुस्तक काढलं की मार्च 1982 मधे ग्रह सूर्याच्या एका बाजूला येतील, त्यांच्या ओढीने सूर्य खवळेल, त्याचा पृथ्वीच्या फिरण्यावर परिणाम होईल आणि कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल. खप तुफान झाला. 10 मार्च 1982 आला, गेला, काहीही झालं नाही. गंमत पुढे आहे, त्यानंतर लगेच दुसरं पुस्तक आलं की परिणाम झाला होता, पण 1980 मधेच, सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तोच तो. पंचांगवाल्यांनाही हे सुचलं नसतं.

प्रश्न : मी हॅम (हौशी) रेडिओ ऑपरेटर आहे. आमच्यात एका अमेरिकन इंजिनियरची गोष्ट नेहमी निघते जो ग्रहांवरून शॉर्टवेव्हचे बिघाड सांगायचा. शिवाय 10 मे 2024 चं वादळ आलं तेव्हा गुरु आणि शुक्र दोघे सूर्यापाशीच होते, हे मी स्वतः सॉफ्टवेअरवर बघितलंय. याला नुसता योगायोग म्हणायचं का? (पुणे)

तो इंजिनियर जॉन नेल्सन. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीत होता, न्यूयॉर्कमधे ऑफिसच्या गच्चीवर दुर्बीण लावून सूर्यडाग बघायचा, आणि 1951 मधे त्याने मांडलं की सूर्याभोवती ग्रह एकमेकांशी 0, 90 किंवा 180 अंशात आले की रेडिओ बिघडतो. त्याचे अंदाज फार बरोबर येतात असं तो आणि इतर लोक सांगायचे. पुढे त्याचे हजारो अंदाज एकेक करून तपासले गेले तर काहीच मेळ बसला नाही. ग्रह इतके आणि कोन इतके, की रोज काही ना काही कोन जुळतोच, मग वादळाच्या दिवशीही जुळतो.

मे 2024 बद्दल तुमचं निरीक्षण खरं आहे, मी ते नाकारणार नाही. गुरु आणि शुक्र तेव्हा सूर्याच्या पलीकडे, त्याच्या पाच-सात अंशांत होते. पण त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला पुन्हा दणदणीत वादळ आलं तेव्हा काय होतं? गुरु वृषभेत, रात्री उशिरा उगवणारा, आणि शुक्र संध्याकाळी पश्चिमेला, दोघे आकाशाच्या दोन टोकांना. आणि गुरु-शुक्र युती वर्षा-सव्वावर्षाने होतच असते, प्रत्येक वेळी लडाखमधल्या हानलेला मेसारखं लाल आकाश दिसत नाही. मेमधे जे झालं त्याचं कारण सूर्यावर समोर दिसत होतं, पृथ्वीच्या पंधरा पट रुंद डागांचा पट्टा, त्यातून एकामागून एक तापलेल्या वायूचे ढग सुटले आणि वाटेत एकमेकांना गाठत आपल्यावर येऊन आदळले. ढगाच्या आतलं चुंबकत्व दक्षिणमुखी असलं की पृथ्वीचं दार उघडतं, उत्तरमुखी असलं की बरंचसं बंद राहतं. तुमच्यासारख्या ऑपरेटरने ग्रहांचे कोन बघण्यापेक्षा ही दिशा बघावी, आदित्य एल-1 वर त्यासाठीच मॅग्नेटोमीटर लावलाय, आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला, म्हणजे वादळाची वर्दी थोडी आधी मिळते.

एक पुस्ती जोडतो, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी कान धरेल. शुक्र, पृथ्वी आणि गुरु यांची जुळणी दर 11.07 वर्षांनी होते आणि सौरचक्रही साधारण 11 वर्षांचं, म्हणून ग्रह सूर्याच्या घड्याळाला ताल देत असतील का यावर जर्मनीत ड्रेस्डेनचा एक गट गंभीरपणे काम करतोय. बहुतेकांना ते पटलेलं नाही, कारण ग्रहांमुळे सूर्याला येणारी भरती मिलिमीटरभराची. पण तो वाद सूर्याचा आहे, अकरा वर्षांच्या तालाचा आहे. मंगळवारी रात्री साडेबाराचा नाही.

प्रश्न : उत्तरेला डोकं करून झोपल्याने रक्तातलं लोह ओढलं जातं का? परेडच्या दिवसांत जास्त? (लातूर)

नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमधे बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही. एमआरआयच्या 1.5 टेस्लाच्या मशीनमधे माणूस अर्धा तास पडून असतो, ते क्षेत्र पृथ्वीच्या तीस हजार पटीहून जास्त. तिथे रक्त डोक्यात गोळा होत नाही, तर लातूरच्या पलंगावर कसं होईल. पंखा जिथून लागतो तिकडे डोकं करा.

प्रश्न : पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटणार आहेत असं ऐकतो. गुरु-शनी युतीसारख्या मोठ्या घटनेने ते होऊ शकतं का? (सातारा)

ध्रुव उलटतात हे खरं. आणि त्याचा पुरावा बघायला तुम्हाला साताऱ्याच्या बाहेर जायला नको. आंबेनळी घाटातला काळा कातळ तुम्ही शंभरदा बघितला असेल. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी तेव्हाच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि ती दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे तेव्हा तिथे कुणी होकायंत्र घेऊन उभं असतं तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेला गेलं असतं. महाबळेश्वरला वर वर चढत गेलं की एका ठिकाणी थर पुन्हा आजच्यासारखे सरळ होतात, ध्रुव पलटल्याची शिवणच ती.

शेवटचा पलट सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी झाला. गुरु-शनी युती होते दर 20 वर्षांनी, 21 डिसेंबर 2020 ची आपण सगळ्यांनी गच्चीवर जाऊन बघितली. म्हणजे त्या पलटानंतर अशा युती झाल्या जवळजवळ 39 हजार, आणि पलट झाला शून्य. याहून मोठा प्रयोग कोण करणार?

क्षेत्र तयार होतं आपल्या पायाखाली 2,900 किलोमीटरवर, वितळलेल्या लोखंडात, ते लोखंड वर्षाला दहा-वीस किलोमीटरच्या वेगाने घुसळतंय. पलट व्हायलाही हजारो वर्षं लागतात. त्याची सूत्रं तिथे खाली आहेत.

ग्रह पृथ्वीचं काहीच करत नाहीत असं मात्र नाही. शुक्र आणि गुरु मिळून पृथ्वीची कक्षा दर 4 लाख 5 हजार वर्षांनी थोडी लांबट आणि पुन्हा गोलसर करतात, हवामानात त्याचा माग उरतो आणि कोट्यवधी वर्षं जुन्या खडकांच्या थरांत तो ताल मोजलाही गेलाय. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हे कधी येणार नाही, कारण 4 लाख वर्षांची धास्ती कोण घेतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. फोनवर चुंबकीय क्षेत्र मोजता येतं असं सरांनी सांगितलं. परेडच्या रात्री मोजलं तर काय दिसेल? (चिपळूण)

जरूर मोज. फोनमधे दिशा कळण्यासाठी छोटा मॅग्नेटोमीटर असतो, फायफॉक्ससारखं फुकट अ‍ॅप घेतलंस की आकडा मायक्रोटेस्लामधे दिसतो, एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनोटेस्ला. मी हे लिहिताना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोन ठेवला तेव्हा 43 च्या आसपास आकडा थरथरत होता. शेजारी लोखंडी तवा सरकवला तर साठीच्या पुढे गेला. फोनच्या कव्हरला चुंबकाचं बटण आहे ते मिटलं तर आकडा शेकड्यांत पळाला, मग कव्हर काढूनच ठेवलं.

तुझा आकडा नुसता बसल्या जागी अर्धा-एक मायक्रोटेस्ला इकडे तिकडे हलेल, तो फोनचा थरकाप. मे 2024 चं एवढं गाजलेलं वादळ अख्खं 400 नॅनोटेस्लाचं होतं, म्हणजे ते सुद्धा तुझ्या फोनच्या थरकापातच हरवून जाईल, मग गुरुचं तर विचारूच नकोस. तरी परेडच्या आधी आठ दिवस, त्या रात्री आणि नंतर आठ दिवस, रोज त्याच वेळेला त्याच जागेवर फोन त्याच दिशेला ठेवून आकडे वहीत लिही आणि मला पाठव, पुढच्या एखाद्या अंकात छापू. आईला मात्र सांगून ठेव, त्या वेळेला ओट्यावर तवा नको.